पूर्णगडचा हात

संपादकांचा फोन आला, "बाई, तुमच्या रेडिओच्या दिवसांतल्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतील." गमती होत्याच. पण त्या आठवायला बसलं की शेवटाकडे तोंड कडू होतं, हे मी त्यांना फोनवर सांगितलं नाही. आता छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

माझी जन्माची नोकरी रत्नागिरीच्या तार ऑफिसातली. कट्ट-कडकट्ट ऐकत मी तिथे नवी नवरी होते ती सासू झाले. मग यंत्रं आली, कट्ट-कडकट्ट गेलं, आणि ज्या कानांवर ऑफिस चालायचं ते कान जास्तीचे ठरले. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिच्यातली स्वेच्छा कोणाची होती ते विचारू नका. एक परवाना तेवढा जवळ होता, हौशी रेडिओचा. तो काढायला लावला होता पूर्णगडच्या इब्राहिमचाचांनी.

चाचा बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. बोट बुडायला लागली तर जगाला कळवायचं आणि एरवी हवामान आणि बंदराचे निरोप घ्यायचे-द्यायचे, असं त्यांचं काम. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बोटींवर उपग्रहाची यंत्रं बसली आणि माझ्यासारखेच तेही जास्तीचे ठरले. कंपनीनं त्यांना बंदरावर उतरवलं आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ पूर्णगडच्या ओटीवर होतं, बंद. कोणी विचारलं तर म्हणायचे, "कंपनीचाच हाय, तो पण कामावरून कमी केला."

घरी त्यांनी दोन माडांच्या मधे तार ताणून स्वतःचं रेडिओ स्टेशन मांडलं होतं. या छंदाची माणसं एकमेकांना 'हॅम' म्हणवतात आणि वीस वर्षांच्या पोरालाही हाक मारताना 'ओल्ड मॅन', म्हणजे म्हातारबा, म्हणतात. तोंडानं बोलणारे हॅम पुष्कळ. चाचा फक्त तारेच्या किल्लीवर, म्हणजे ठिपक्या-रेघांच्या मोर्समध्ये, बोलत. दर शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की ते किल्लीवर बसत आणि जपानच्या एका मासेमारी बंदरातला केंजी नावाचा माणूस तिकडून उत्तर देई. हा केंजी तिथल्या मच्छीमारांच्या रेडिओ केंद्रावर कामाला होता. तो आणि चाचा तरुणपणापासून असे बोलत आलेले. लग्नं, पोरं, वादळं, आईबाप जाणं, सगळं ठिपक्या-रेघांतून एकमेकांना सांगून झालेलं. आवाज मात्र दोघांनी एकमेकांचा कधी ऐकला नव्हता.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. किल्ली दाबायची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते. कोण रेघ जरा लांबवतो, कोण दोन अक्षरांमधे अडखळतो. आम्ही त्याला 'हात' म्हणतो. नाव सांगायच्या आधी हात ओळखू येतो, जशी जिन्यावरची पावलं ओळखू येतात. तिकडे चिपळूणला तार देणारा सिग्नलर रजेवर गेला आणि दुसरा बसला तर मला इथे पहिल्या शब्दाला कळे. चाचा म्हणायचे, "आवाज खोटा काढता येतो बाय, हात नाय."

आता लिंकबद्दल. हातात मावणारा लहान रेडिओ फार लांब पोचत नाही. आपल्याकडे तर डोंगर, खाड्या आणि सडे, म्हणजे कातळाची उंच पठारं. म्हणून आमच्या रत्नागिरीच्या हॅम क्लबानं शहरामागच्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या एका खोलीत, रिपीटर बसवला होता. खालचा बारीक आवाज ऐकायचा आणि त्याच क्षणी वरून मोठ्यानं परत फेकायचा, एवढंच त्याचं काम. त्यामुळे पूर्णगडचा माणूस गणपतीपुळ्याच्या माणसाशी बोले. पुढे कोणीतरी डोकं चालवलं आणि रिपीटर इंटरनेटला जोडला, हीच ती लिंक. क्लबाच्या खोलीत कॉम्प्युटर, त्याला फोनची लाइन आणि एक रेडिओ. आता मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात उभं राहून हातातल्या डबड्यात बोललं की ते स्कॉटलंडच्या रिपीटरवरून बाहेर पडायचं. मोठी अँटेना नको, रात्रीचं जागरण नको, कान तयार नको.

लिंक सुरू असेल तेव्हा परवाना असलेलं कोणीतरी खोलीत बसलंच पाहिजे, असं क्लबानं ठरवलं. हौशी पुरुषांना बोलायची हौस होती, बसायची नव्हती. म्हणून मला बसवलं. मानधन इतकं होतं की त्यातला मान काढला तर धन शोधावं लागे. काम काय, तर दुसऱ्यांची बोलणी ऐकायची आणि काही वावगं झालं तर बटण बंद करायचं.

ती बोलणी काय वर्णावी. अर्धी पृथ्वी ओलांडून माणूस माणसाला भेटे आणि विचारी, तुमच्याकडे हवा कशी आहे. तिकडचा म्हणे पाऊस आहे, इकडचा म्हणे ऊन आहे. मग सेट कोणता, अँटेना कोणती, आणि नमस्कार. नव्या माणसाला मी एकच गोष्ट शिकवी: बटण दाबल्यावर एक श्वास थांबा, मग बोला, नाहीतर लिंक तुमचा पहिला शब्द खाते. आणि समोरच्याचं संपल्यावरही जरा थांबा, मधे कोणा अडलेल्याला हाक मारायची असेल. कोणी थांबत नसे.

आमच्या एका दंतवैद्यांचा किस्सा गावात अजून सांगतात. त्यांचा हातातला सेट गाडीच्या सीटवर पिशवीखाली दबला आणि बटण आत गेलं ते गेलंच. डॉक्टर मिरकरवाड्यात गाडी लावून, काच खाली करून सरंग्याचा भाव करत होते. मागे बसलेल्या बाईसाहेब नणंदेच्या साडीवरून त्यांना झापत होत्या. लिंक त्या वेळी ऑस्ट्रेलियाला जोडलेली. मी बटणावर हात ठेवला होता, पण खरं सांगते, कोळणीनं शेवटी काय भाव दिला ते ऐकायची मलाही उत्सुकता होती. तेवढ्यात सतत तीन मिनिटं कोणी बोललं तर रिपीटर आपोआप तोंड मिटतो, तसा तो मिटला. तिकडच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थानं अदबीनं विचारलं, त्या बाई ठीक आहेत ना?

दुसरा प्रसंग गमतीचा नाही. राजिवड्याची एक बाई एका दुपारी क्लबाच्या दारात येऊन उभी राहिली. मुलगा कुवेतला, त्याचा दोन महिने फोन नव्हता. कोणीतरी तिला सांगितलं होतं की इथून जगात कुठेही बोलता येतं. मी तिला समजावलं की परवाना नसलेल्या माणसाचा निरोप आम्हाला देता येत नाही, आणि तिकडेही परवानेवालाच लागतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी कुठल्या कोन गोऱ्याशी बोलता, ऊन हाय काय पाऊस हाय. माज्या पोराशी बोलाय नियम आडवा येतो?" नियम खरा होता, आणि मला त्याची लाज वाटली.

या काळात चाचांचं शुक्रवारचं बोलणं बंद पडत चाललं होतं. त्याचं कारण सूर्य, असं ते सांगत. हे थाप मारल्यासारखं वाटेल, पण शास्त्र आहे. सूर्यावर डाग पुष्कळ असले की आकाशाचा वरचा थर रेडिओच्या लहरी नीट परत फेकतो आणि जपान ऐकू येतं. साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात डाग वाढतात आणि कमी होतात. तेव्हा ते कमी होत होते. मी पूर्णगडला गेले की चाचा किल्लीवर फडकं टाकून ओटीवर बसलेले असत. "सूर्य झोपलाय गो बाय. केंजी पण तेच बोलला गेल्या टायमाला. काय ऐकू येत नाय." चहाची बशी त्यांच्या हातात वाजत असे. म्हातारपण म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

क्लबाचे सेक्रेटरी मुकुंदराव, इलेक्ट्रिकचे कंत्राटदार. माणूस वाईट म्हणता येणार नाही, पण माइक दिसला की त्यांच्या अंगात येई. त्यांच्या कानावर चाचा आणि केंजीची गोष्ट गेली आणि त्यांनी क्लबाच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम ठरवला. दोन मित्र आयुष्यात प्रथमच एकमेकांचा आवाज ऐकणार, तेही इंटरनेटच्या लिंकवरून, मुंबईच्या एका बड्या सरकारी साहेबांच्या साक्षीनं. केंजीच्या गावातल्या क्लबाशी पत्रापत्री झाली. चाचा आधी नको म्हणाले. मग दोन दिवसांनी म्हणाले, "बघू तरी कसा बोलतो तो." त्यांना भेटायचंच होतं, मार्ग कुठलाही असो.

शुक्रवारी दुपारी हॉल भरला. चाचा नमाज आटोपून कडक इस्त्रीच्या शर्टात आले. मुकुंदरावांचं भाषण झालं, साहेबांचं झालं, आणि चाचांच्या हाती माइक दिला. त्यांनी बटण दाबलं, एक श्वास थांबले. सबंध हॉलात तेवढा एकच माणूस थांबायला शिकलेला. मग आपल्या बोटीवरच्या इंग्रजीत म्हणाले, "केंजी, मी इब्राहिम. कसा आहेस?"

लाउडस्पीकरमधून एक घोगरा, घाबरलेला आवाज आला, "यस. थँक यू."

चाचांनी विचारलं, नातू चालायला लागला का? "यस. यस. थँक यू." बायकोची तब्येत? "यस." मागच्या रांगांत कोणीतरी हसलं, मग पुष्कळजण हसले. केंजीला इंग्रजी येतच नव्हतं. त्याचं सगळं इंग्रजी म्हणजे मोर्समधले चार-पाच डझन ठराविक संक्षेप. त्या संक्षेपांत त्यानं आईचं मरण कळवलं होतं आणि चाचांनी त्याचं सांत्वन केलं होतं. तोंडानं बोलायचं म्हटल्यावर दोघांकडे मिळून एक वाक्य नव्हतं.

चाचांनी माइक खाली घेतला. त्यांचा चेहरा मला बघवेना. आणि मग स्पीकरमधून शिट्टी आली. बारीक, तोंडानं मारलेली, लांब-आखूड, लांब-आखूड. हॉलला ती माइकची कुईं वाटली. मला आणि चाचांना कळलं. केंजी शिट्टीनं मोर्स पाठवत होता. आधी चाचांचं परवान्यावरचं संकेतनाव, मग म्हातारबा अशी हाक, मग, "हात कसा आहे तुझा?" आणि पुढे, "माझा..."

"फीडबॅक येतोय," म्हणत मुकुंदरावांनी बटण फिरवलं. "तांत्रिक अडचण आहे, पण संपर्क यशस्वी झालेला आपण पाहिलाच." टाळ्या झाल्या. मी खुर्चीतून उठून ओरडले की ते बोलतायत, सुरू करा. टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही, आणि ज्यांना गेलं त्यांनी पेढे वाटायला घेतले.

मी चाचांकडे पाहिलं. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, आणि हात मांडीवर थरथरत होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सूर्य झोपला होता हे खरं, पण ते किल्लीपासून उठले होते हाताच्या कंपामुळे. कापणारा हात केंजीच्या कानावर जाऊ नये म्हणून. आणि केंजीनं तो ओळखला होता, केव्हाच.

साहेबांनी जाताना सहज विचारलं, हे रेडिओला इंटरनेट जोडणं नियमात बसतं ना? एवढं पुरे झालं. दुसऱ्या दिवशी मुकुंदरावांनी लिंक पुढील सूचना मिळेपर्यंत बंद केली. वर्तमानपत्रात मात्र बातमी आली: रत्नागिरीचा जपानशी संवाद, आणि फोटोत माइक मुकुंदरावांच्या हातात.

खोलीची चावी माझ्याकडे होती. मी जपानच्या क्लबाला कळवलं आणि पुढच्या शुक्रवारी लिंक उघडली. याचा मला पश्चात्ताप नाही. चाचा पुतण्याच्या रिक्षातून आले. पितळी किल्ली पंच्यात गुंडाळून आणली होती आणि सोबत सरावाचा लहान बझर, किल्ली दाबली की कूं वाजणारा. माइक मी बझरजवळ धरला. पहिला शब्द लिंक खाणार, म्हणून त्यांनी आधी एक नुसती लांब रेघ दिली. मग हात कापत, ठिपक्यांच्या जागी जास्तीचे ठिपके पडत, त्यांनी पाठवलं, "हात कापतो. लाज वाटली. सूर्याचं खोटं सांगितलं."

तिकडून शिट्टी आली. मी तोंडानं अर्थ सांगायला लागले तर चाचांनी हातानं थांबवलं, त्यांना गरज नव्हती. केंजी म्हणत होता, "माझा उजवा गेला. झटका आला. मीही सूर्याचं खोटं सांगितलं. तोंड शिल्लक आहे."

चाचा हसायला लागले. हसता हसता डोळे पुसत होते. "माज्याकडं तर दात पण नाय गो, शिटी कुठनं मारू?" मग त्यांनी तेही केंजीला कळवलं, दात नाहीत, आणि चाचीनं घरात शिट्टीला बंदी केली आहे. तिकडून शिट्टी फुटली, हसला असणार. ते दोघे बोलत राहिले. तीन मिनिटं झाली की रिपीटर तोंड मिटी, मी परत उघडी. ठरलं की दर शुक्रवारी याच वेळी भेटायचं. मी इतकी वर्षं त्या लिंकवर बसून जगातली हवा ऐकली होती, बोलणं त्या दुपारी ऐकलं.

पण आमची किल्ली आणि शिट्टी गावातल्या प्रत्येक सेटवर वाजली होती. डॉक्टरांनी, हो, सरंगेवाल्याच डॉक्टरांनी, तक्रार केली की रिपीटरवर कसलातरी चावटपणा चाललाय. पुढच्या शुक्रवारी चाचांना घेऊन गेले तर खोलीला दुसरं कुलूप. मी तशीच मुकुंदरावांच्या दुकानात गेले.

"मॅडम, भावना मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम. क्लबाचा परवाना जाईल."

"मग नियमाप्रमाणे एकदा परवानगी मागा. मी अर्ज लिहिते, तुम्ही सही करा."

"मागितली आणि नाही म्हणाले तर? उगाच कशाला नजरेत यायचं."

"आणि डॉक्टरांचा मासळीबाजार नियमात बसला होता?"

"तो अपघात होता. हे तुम्ही मुद्दाम केलंत."

बाहेर रिक्षात चाचा पंच्यातली किल्ली मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, आज बंद आहे. ते म्हणाले, "बरा. पुढच्या टायमाला." मी मुकुंदरावांना राजीनामा लिहून दिला, तो त्यांनी तत्परतेनं मंजूर केला. लिंक पुन्हा उघडली नाही. पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, हवा कशी आहे ते विचारायला तेवढे पुरले. सड्यावर आता मोबाइलचा मनोरा आहे आणि त्या जांभ्याच्या खोलीत कोणीतरी गवत भरून ठेवतं.

लिंक बंद झाली तेव्हा मी जपानला पत्र टाकलं होतं. उत्तर केंजीच्या सुनेनं लिहिलं, मोडक्या इंग्रजीत. सासरे दर शुक्रवारी कपडे करून तयार होतात, क्लबात न्यावं लागतं. तिथल्या पडद्यावर तुमच्या रिपीटरच्या नावापुढे 'बंद' असं दिसतं. ते थोडा वेळ बसतात आणि परत येतात. हे मी चाचांना वाचून दाखवलं नाही.

नंतरच्या एका शुक्रवारी मी पूर्णगडला गेले, तेव्हा चाचा आपल्या रेडिओ स्टेशनवर बसलेले होते, फडकं काढून. माडांमधली तार गंजून तुटली होती, सेटला वीजही जोडलेली नव्हती. नुसत्या किल्लीवर ते काहीतरी देत होते. मी दारात उभी राहून ती खटखट वाचली. केंजीचं संकेतनाव, पुन्हा पुन्हा, आणि मग थांबून ऐकणं.

मला राहवलं नाही. मी आत जाऊन समोर बसले, चहाचा चमचा उचलला आणि टेबलावर कट्ट-कडकट्ट वाजवून उत्तर दिलं. म्हातारबा, हात कसा आहे तुझा? तार ऑफिसातला माझा हात, स्वच्छ, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. केंजी शिट्टीत रेघ जरा लांबवायचा तशी मी मुद्दाम लांबवलीसुद्धा.

चाचांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग किल्लीवर फडकं टाकलं.

"तुजा हात चांगला हाय बाय," ते म्हणाले. "पन त्याचा नाय."